घरासाठी भरवशाचे पिस्तूल : निवड, परवाना आणि निगा

घराच्या रक्षणासाठी घ्यायचे छोटे अग्निशस्त्र दोन जातींचे असते : रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरात बहुधा सहा काडतुसे बसतात. पिस्तुलाच्या मुठीत मॅगझिन सरकवावे लागते आणि वरची स्लाइड मागे ओढून पहिले काडतूस नळीशी आणावे लागते. हा फरक समजायला गृहस्थाला पाच मिनिटे लागतात. त्यावर मत द्यायला तेवढीही लागत नाहीत.

शस्त्राची गरज बहुधा पलीकडच्या इमारतीत निर्माण होते. बी विंगमध्ये चोरी होते. पहिल्या मजल्यावर ही बातमी बाथरूमच्या दोन नळांची असते, चौथ्यापर्यंत पोचताना तिच्यात दागिन्यांचा डबा येतो आणि गच्चीवरच्या सभेत चोरांच्या हाती कोयते येतात. सभेत वॉचमनचा पगार पाचशे रुपयांनी वाढवण्याची सूचना मांडली जाते आणि ती एकमताने फेटाळली जाते. कॅमेऱ्यांच्या वर्गणीला जो गृहस्थ सर्वांत कडाडून विरोध करतो, तोच घरी जाऊन लाखभर रुपयांच्या शस्त्राचा विचार करू लागतो. कॅमेरा सगळ्या सोसायटीचा, रिव्हॉल्व्हर आपले एकट्याचे, हा हिशेब त्याला कोणी शिकवावा लागत नाही.

भरवशाच्या प्रश्नावर सोसायटीत दोन तट पडतात. दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीपलीकडे ज्याने काही हाताळलेले नाही असा मनुष्य ठासून सांगतो, ‘‘रिव्हॉल्व्हर घ्या. जाम होत नाही.’’ गंमत म्हणजे तो बहुतांशी बरोबर असतो. रिव्हॉल्व्हरमधले काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचे काडतूस आपोआप घोड्यासमोर येते. पिस्तुलात तसे झाले तर स्लाइड ओढून फुसके काडतूस बाहेर फेकावे लागते. शिवाय धूळ, सुकलेले तेल, वाकलेले मॅगझिन यांपैकी काहीही त्याला अडायला पुरते. याउलट पिस्तूल चपटे, खिशात न फुगणारे आणि जास्त काडतुसांचे असते. रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा न चढवता ओढायला बोटात बराच जोर लागतो. त्या जोरात हात हलतो आणि चोरासाठी निघालेली गोळी टीव्हीकडे जाते. एवढी तुलना ऐकून झाल्यावर गृहस्थ जो प्रश्न विचारतो, तो कुठल्याही शस्त्रविषयक ग्रंथात नाही : ‘‘दिसायला कुठलं चांगलं?’’

निवडीचा बराचसा भार कायद्याने आधीच उचललेला असतो. ९ एमएम, ०.३८ आणि ०.४५ हे बोर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. त्यामुळे हिंदी चित्रपटांतून वीस वर्षे कमावलेले ज्ञान दुकानाच्या पायरीवरच उतरवून ठेवावे लागते. उरतो तो मुख्यतः ०.३२ बोर. सरकारी कारखान्यांतून बहुतांशी याच बोरची रिव्हॉल्व्हरे आणि पिस्तुले येतात. २०१४ साली कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर काढले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती आणि ते दागिन्यांना शोभेल अशा पेटीतून मिळे. २०२३ मध्ये कानपूरहूनच ‘प्रबल’ आले. त्याचे सिलिंडर बाजूला उघडते. विक्रेता हे वैशिष्ट्य कौतुकाने समजावतो आणि गृहस्थ ते तीनदा उघडून, तीनदा मिटून, ‘‘यात दुसरा रंग?’’ असे विचारतो.

परदेशी शस्त्राचा मोह वेगळा. खासगी आयात १९८०च्या दशकातच बंद झाली, म्हणून त्याआधी देशात आलेली जुनी वेब्ली किंवा वॉल्थर परवानाधारकांत हातोहात फिरतात आणि वर्षागणिक महाग होतात. साठ वर्षांचे शस्त्र नव्या शस्त्राच्या कितीतरी पट किमतीला घेणारा हाच गृहस्थ दहा वर्षांची मोटार मात्र ‘‘भंगार आहे’’ म्हणून हिणवतो. ज्यांना एवढे झेपत नाही त्यांच्यासाठी ०.१७७ बोरची, २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन आहे. तिला परवाना लागत नाही. तिने जत्रेतला फुगा फुटतो. चोर फुगा घेऊन येईल की नाही, हे त्याच्यावर आहे.

यानंतर परवाना. परवाना देण्याचा अधिकार पुण्यामुंबईसारख्या शहरात पोलीस आयुक्तांना आणि इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांना असतो. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम यांनुसार अर्जदाराचे वय किमान २१ हवे. अर्ज, छायाचित्रे, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण, सुरक्षित ठेवण्याची हमी हे सगळे गृहस्थ उत्साहाने जमवतो. कागद जमवण्यात त्याची हयात गेलेली असते, त्यात त्याला कोणी हरवू शकत नाही. तो हरतो एका रकान्यात. परवाना कशासाठी हवा? नियमांना अपेक्षा असते ती जिवाला गंभीर धोका असल्याची, किंवा धंदा-व्यवसायामुळे खरोखरीच गरज पडल्याची.

‘‘जिवाला धोका कोणापासून?’’

‘‘तसा कोणापासून नाही. एकंदरीत.’’

‘‘एकंदरीत चालत नाही. कोणी धमकी दिलीय का?’’

आपल्याला ठार मारावे असे आजवर एकालाही वाटलेले नाही, ही जाणीव माणसाला पन्नाशीत एकदम झाली तर सोसत नाही. गृहस्थ घरी येऊन वैऱ्यांची यादी करायला बसतो. पार्किंगवरून भांडलेला शेजारी, गावच्या सामाईक विहिरीवरून बोलणे टाकलेला चुलतभाऊ, सोसायटीचा माजी सेक्रेटरी. यादी तपासली तर तिघांनीही गेल्या दिवाळीत फराळ पाठवलेला असतो. तरी त्यातल्या त्यात जहाल म्हणून पार्किंगवाल्याला फोन जातो.

‘‘तुम्ही मागे मला ‘बघून घेईन’ म्हणाला होतात.’’

‘‘अहो, रागाच्या भरात माणूस बोलतो. सोडून द्या.’’

‘‘सोडू कसं? तेवढं कागदावर लिहून द्याल का?’’

‘‘छे, छे! तुम्ही आधी चहाला या बरं.’’

अशा रीतीने शस्त्र परवान्याच्या पायी एक जुने भांडण मिटते आणि अर्ज आणखी दुबळा होतो. एका बाबतीत मात्र कायदा उदार आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे शस्त्र कायद्याचे कलम १४ सांगते. फ्लॅटचे हप्ते निवृत्तीपर्यंत फेडायचे असलेल्या गृहस्थाला याचा मोठा दिलासा वाटतो, कारण तो रक्षण करणार असतो ते बऱ्याच अंशी बँकेच्या मालमत्तेचे.

अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो. नियमांत त्याला ३० दिवसांची मुदत दिली आहे. चौकशीला आलेला हवालदार शेजाऱ्यांना अर्जदाराच्या स्वभावाबद्दल विचारतो आणि शेजारी मनापासून मदत करायला जातात. ‘‘अतिशय गरीब माणूस,’’ समोरच्या काकू सांगतात, ‘‘कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.’’ मुलीचे लग्न ठरवताना किंवा फ्लॅट भाड्याने देताना जी स्तुती सोन्याच्या मोलाची ठरली असती, तिने इथे सगळी केस उघडी पडते. मग बायको पाणी घेऊन बाहेर येते आणि हवालदाराने न विचारताच सांगते, ‘‘झुरळ निघालं तर मलाच हाक मारतात.’’

वैद्यकीय तपासणीत शरीराबरोबर मनाचीही पारख अपेक्षित असते. डॉक्टर विचारतात, ‘‘झोप लागते?’’ गृहस्थ म्हणतो, ‘‘चोरांच्या काळजीने नाही लागत.’’ ‘‘मग रिव्हॉल्व्हर आल्यावर लागेल?’’ ‘‘नाही ना! मग ते चोरीला जाईल, ही काळजी.’’ डॉक्टर रक्तदाबाची गोळी लिहून देतात. अर्जाच्या संपूर्ण काळात गृहस्थाला मिळणारी ही पहिली गोळी.

परदेशी असलेल्या मुलाकडून या काळात फुशारकी ऐकावी लागते. टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२१ पासून पिस्तूल जवळ बाळगून हिंडायला वेगळा परवाना लागत नाही आणि हे तो दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगतो. प्रत्यक्ष त्याच्या हाती काही नसते, कारण अमेरिकेच्या संघीय कायद्याने एच-१बी व्हिसावरच्या माणसाला बंदूक घेण्यास सहसा मनाई आहे. अपवादांपैकी आवाक्यातला एकच : त्याच्याकडे शिकारीचा परवाना हवा. एकादशीला साबुदाण्याच्या शोधात तीस मैल गाडी हाकणारा हा मुलगा त्यामुळे हरणांच्या मोसमाची माहितीपत्रके वाचू लागतो. आई इकडून विचारते, ‘‘मारायला लागेल का रे?’’ ‘‘नाही गं आई, नुसता परवाना.’’ ‘‘मग घे. पण आजीला सांगू नकोस.’’

कोकणात शेतीच्या रक्षणासाठी मिळणाऱ्या परवान्यांची रीत जुनी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे अनेक घरांत ठासणीची बंदूक वडिलांकडून मुलाकडे येते, रानडुकरे आणि वानरे हे तिथले नोंदणीकृत शत्रू. शहरातला गृहस्थ गावी जाऊन अनुभवी काकांना भरवशाबद्दल विचारतो. काका म्हणतात, ‘‘बंदूक चांगली आहे. पण वानरं आता आवाजाला भीत नाहीत. नाव घेऊन शिव्या घातल्या तर जातात.’’

शस्त्र घरात आल्यावर ते कुठे ठेवायचे, हा प्रश्न निवडीपेक्षा अवघड निघतो. सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून दिलेली असल्यामुळे ते गोदरेजच्या कपाटातल्या आतल्या कप्प्यात जाते आणि काडतुसे खबरदारी म्हणून माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे. कप्प्याची किल्ली बायकोकडे असते. किल्ली एकाच जागी ठेवली तर चोराला सापडेल म्हणून ती दर महिन्याला जागा बदलते. तूरडाळीचा डबा, देवघरातला शंख, जुनी पर्स. चोराला ती सापडत नाही, हे खरेच.

रात्रीची रंगीत तालीम पुढीलप्रमाणे होते. खट्ट आवाज येतो. गृहस्थ जागा होतो आणि आधी चष्मा शोधतो. चष्मा सापडल्यावर बायकोला उठवून किल्लीची चौकशी करतो. ‘‘शंखात बघा.’’ शंखात नसते. तोवर त्याला कायदा आठवू लागतो, कारण परवान्याच्या काळात त्याने तो नको इतका वाचलेला असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. नुसत्या चोरीसाठी समोरच्याचा जीव घेता येत नाही. कलम ४१ प्रमाणे जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, आग लावणे, किंवा जिवाची वा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी चोरी, अशाच काही प्रसंगी मालमत्तेच्या बचावाचा हक्क तिथवर पोचतो. तिथेही कलम ३७ आड येतेच : गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांकडे धाव घेण्याइतकी सवड असेल तर हक्कच उरत नाही. पाच किंवा अधिक जण असतील तर तो दरोडा, म्हणजे डोकी मोजायला हवीत, आणि डोकी मोजायला दिवा लावायला हवा. दिवा लावला तर चोर पळेल. मग एवढे शस्त्र कशाला घेतले?

हे विचारमंथन चालू असताना दार उघडते. मध्यरात्री दोन वाजता आत शिरणारी व्यक्ती बहुतेक मध्यमवर्गीय घरांत एकच असते, कंपनीतली सेकंड शिफ्ट संपवून आलेला धाकटा मुलगा.

‘‘आई, मी आहे. बाबांना सांग.’’

‘‘त्यांना किल्ली सापडायचीय अजून. तू जेवून घे.’’

नेमबाजीचा सराव हा यानंतरचा विषय आणि तो थोडक्यात आटोपतो. काडतुसांना वार्षिक मर्यादा असते, प्रत्येक खरेदीची परवान्यावर नोंद होते आणि किंमत ऐकल्यावर गृहस्थ काडतुसे लग्नकार्यातल्या काजूंइतक्याच हिशेबाने वापरू लागतो. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझपदक मिळवले, तेव्हा घरोघरच्या परवानाधारकांनी सोफ्यावर पालथे पडून तिन्ही अवस्था करून पाहिल्या. दिवाणखाना बारा फुटांचा आहे आणि शस्त्र रायफल नाही, हे त्यांना कोणी सांगायला गेले नाही.

शस्त्राची खरी कसोटी वर्षातून एकदा, खंडेनवमीला लागते. पाटावर लाल कापड घातले जाते आणि त्यावर विळी, अडकित्ता, स्क्रू ड्रायव्हर, मुलाचा लॅपटॉप आणि मधोमध परवान्याचे शस्त्र मांडले जाते. आजी हात आखडता घेत नाहीत. नळीवर हळद, मुठीवर कुंकू, चापाच्या कडीत झेंडूचे फूल, सिलिंडरवर अक्षता, वरून पंचामृताचे दोन थेंब. शस्त्रतज्ज्ञ वाळू, चिखल आणि पाण्यात बुडवून शस्त्रांची परीक्षा घेतात. हळदीकुंकवाची परीक्षा मात्र आपल्याकडेच घेतली जाते. या परीक्षेत पिस्तूल मागे पडते. हळद स्लाइडच्या खाचांत शिरते, तेलाशी तिची घट्ट मैत्री होते आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्लाइड मागे येते ती पुढे जायला तयार नसते. रिव्हॉल्व्हर त्यातल्या त्यात तग धरते, पण पंचामृतातल्या मधापुढे त्याचेही सिलिंडर अर्ध्यावर थांबते. ‘‘पूजेनंतर लगेच पुसायचं असतं,’’ असे विक्रेता सांगतो. ‘‘पूजा हलवल्याशिवाय कसं पुसणार? दसरा उलटू दे,’’ आजी म्हणतात. शस्त्र दोन दिवस मधात राहते.

लग्नसराईत शस्त्राला मागणी येते. ‘‘वरात दारात येईल तेव्हा हवेत एक बार काढा की,’’ असा आग्रह मेहुणा धरतो. शस्त्र कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात इतरांचे जीव धोक्यात घालून केलेल्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे मेहुण्याला सांगितले की तो म्हणतो, ‘‘मग निदान कंबरेला लावून तरी या.’’ गृहस्थ कंबरेला लावून जातो, वर शेरवानी असल्याने ते कोणाला दिसत नाही आणि पंगतीत पाटावर मांडी घालताना ते जिथे रुतते, ती जागा त्याला चारचौघांत सांगता येत नाही.

निवडणुका आल्या की शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. महाराष्ट्रात २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या, त्यामुळे अनेकांच्या शस्त्रांनी त्या वर्षी घरापेक्षा ठाण्याच्या कपाटाची ओळख अधिक करून घेतली. सरसकट सगळ्यांची शस्त्रे मात्र घेत नाहीत. छाननी समिती परवानाधारकांची यादी पाहते. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले यांच्याकडे तिचे लक्ष आधी जाते. इथे गृहस्थाची दोन्हीकडून पंचाईत. नोटीस आली तर ‘‘आम्ही काय गुंड आहोत?’’ म्हणून तो संतापतो. खालच्या मजल्यावरच्या परवानाधारकाला आली आणि त्याला आली नाही, तर तो स्वतः ठाण्यात चौकशीला जातो.

‘‘माझं नाव यादीत नाही का?’’

‘‘नाही. तुमच्यापासून काही धोका नाही, काका.’’

तो आठवडाभर कोणाशी बोलत नाही.

परवान्याची मुदत २०१९च्या दुरुस्तीने तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आणि बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाताना शस्त्रही दाखवावे लागते म्हणून आदल्या रात्री किल्लीचा शोध सुरू होतो. पत्ता बदलला, जिल्हा बदलला की पुन्हा कागद. मोटारीसारखे ते विकायचे म्हटले तर घेणाऱ्याकडे त्याच बोरचा परवाना हवा, आणि सोसायटीत तसा दुसरा मनुष्य म्हणजे तोच खालच्या मजल्यावरचा, ज्याला नोटीस आली होती. त्याच्याशी आता बोलणे नाही.

वारसाची सोय नियमांत आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याला ७० वर्षे पूर्ण झाली अथवा शस्त्र बाळगून २५ वर्षे झाली की त्याच्या हयातीतही, कायदेशीर वारस स्वतःच्या नावाने परवाना मागू शकतो. गावच्या चार गुंठ्यांवरून दिवाणी न्यायालयापर्यंत गेलेले भाऊ या एका वस्तूबाबत कमालीचे उदार होतात. ‘‘दादा, तू थोरला. तुझाच मान.’’ ‘‘नाही, नाही, तुझ्याकडे राहू दे, तुझं घर तळमजल्यावर.’’ टेक्ससचा मुलगा इकडे परवाना मागू शकत नाही. धाकट्याची शिफ्ट बदललेली नाही. शेवटी शस्त्र परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात ठेवायला जाते. विक्रेता नळीतून उजेडाकडे बघतो, सिलिंडर उघडायचा प्रयत्न करतो आणि ते उघडत नाही.

‘‘किती गोळ्या झाडल्या?’’

‘‘एकही नाही. अगदी कोरं आहे.’’

‘‘कोरं कुठलं? आत मध आहे,’’ विक्रेता सांगतो आणि साफसफाईचे पैसे ठेवणावळीत धरतो.